वाचकांचे प्रश्न : दुपार नातेवाइकांची, सकाळ-संध्याकाळ समुद्राची

प्रश्न : ताई, बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघंच आठ दिवस समुद्रकिनारी निघालो आहोत. त्याच पट्ट्यात माझी मावशी राहते आणि ह्यांची चुलत बहीणही. दोघींच्या घरांत गाडीने तासाभराचं अंतर. दोघींचाही आग्रह, "आमच्याकडेच उतरा." नाही म्हटलं तर मनं दुखावतील, हो म्हटलं तर सगळी सुट्टी बैठकीच्या खोलीत जाईल. चार दिवस इकडे आणि चार दिवस तिकडे अशी वाटणी करावी का?

उत्तर : करू नका. दिवस वाटण्यापेक्षा दिवसातले तास वाटा. ऊन तापणाऱ्या किनाऱ्यावर सगळे तास सारखे नसतात, आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सकाळी दहा ते दुपारी दोन ह्या चार तासांत दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे 60 टक्के किरण जमिनीवर पोचतात. कोरडी वाळू त्यातले साधारण 15 टक्के आणि लाटांचा फेस 25 टक्के परत उडवतो, म्हणून छत्रीखाली बसूनही अंग भाजतं. घड्याळ नसलं तर आपली सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोशाला जायची वेळ झाली. शिवाय दुपारी जमीन तापून खारे वारे जोर धरतात, पाणी खळबळतं, होडीत बसलेल्यांना मळमळतं. होडीची फेरी सकाळचीच घ्यावी. थोडक्यात, भर दुपारी किनाऱ्यावर बघण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि माणसं नेमकी तेव्हाच घरात निवांत सापडतात. तेव्हा दुपार नातेवाइकांना द्या. एक दिवस साडेदहाला मावशीकडे पोचा, जेवा, पाठ टेका, गप्पा मारा, आणि ऊन उतरलं की तिला घेऊनच बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी नणंदेकडे. अशा दोन-दोन दुपारी झाल्या तरी कुणाला आपण उपरे ठरलो असं वाटणार नाही.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली रात्र मावशीकडे, शेवटची नणंदेकडे, मधल्या सगळ्या रात्री तुमच्या दोघांच्या वेगळ्या खोलीत. सूर्योदय बघायला तुम्ही अंधारात उठणार, तर तुमच्यासाठी चहा करायला घरातल्या बाईलाही उठावं लागतं. ती कधी बोलणार नाही, पण रोज रोज तिला हे करायला लावणं मला पटत नाही. हे निघण्याआधीच फोनवर सांगून टाका. दारात बॅगा ठेवल्यावर सांगितलेली गोष्ट टोचते. आणि मावशीला तुम्ही सांगा, नणंदेला त्यांनी. ज्याचं माणूस त्याने फोन करायचा, हा आमच्या घरचा नियम आहे आणि त्याने बरेच रुसवे टळले आहेत.

आता भरती-ओहोटी. फिरायला जाणारी जोडपी हॉटेलं महिनाभर आधी ठरवतात आणि पाण्याची वेळ मात्र बघतच नाहीत, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि चंद्रामुळे त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असेल आणि दूरवर ओली वाळू पसरली असेल, तर आठव्या दिवशी सातला तिथेच भरतीचं पाणी असेल. म्हणून खडकांमधली डबकी, गुहा, ओहोटीत चालत जाता येणारी बेटं अशी ठिकाणं आधी लिहून काढा आणि ओहोटी दिवसाउजेडी सोयीच्या वेळेला असेल त्या दिवसांत बसवा. मंदिरं, किल्ले, बाजार, दीपगृहं कुठेही बसतात. (भूमध्य समुद्रासारख्या बंदिस्त समुद्रात पाणी जेमतेम हलतं, तिथे हा हिशेब लागत नाही. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ते 16 मीटरपर्यंत चढतं.)

खडकांत जायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा आणि पाणी फिरलं की मागे वळा. चढणारं पाणी एका गतीने चढत नाही. सुरुवातीला रेंगाळतं, आणि सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच निम्मं वर येतं. "अजून वेळ आहे" म्हणत थांबलेली माणसं नेमकी त्यातच सापडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा भरती जास्त वर येते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. खडक बघायला हेच दिवस उत्तम, आणि सावध राहायचेही हेच.

आणि इथेच तुमची मावशी कामाला येते. एकाच ठिकाणी पौर्णिमेची आणि अमावास्येची भरती घड्याळात दर वेळी साधारण त्याच वेळेला येते. किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ती वेळ तोंडपाठ असते. तिला विचारा, कुठली वाट पाण्याखाली जाते, कुठल्या टोकावरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, लोक कुठल्या भागात पाण्यात उतरत नाहीत. मग संध्याकाळी तिचा हात धरून तिलाही तिथे न्या. किनाऱ्यावर राहणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं पाण्यापर्यंत गेलेली नसतात, कारण त्यांना "चला" म्हणणारं कुणी नसतं. पाहुणचार घेणाऱ्याने एवढं तरी करावंच.

प्रश्न : मागच्या सुट्टीत बहिणीकडे गेलो होतो. लाटांमधला एक शांत पट्टा बघून माझे यजमान पोहायला निघाले, तर बहिणीच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर ओरडून अडवलं. हे चांगले पोहतात. अजून दोघांचं नीट बोलणं नाही. चूक कुणाची?

उत्तर : तुमच्या मेहुण्यांनी योग्य तेच केलं, आणि ओरडून केलं ते बरंच झालं. लाटा फुटून किनाऱ्याकडे आणतात ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट फट असते तिथून ते जोरात समुद्राकडे धावतं. ह्याला रिप करंट म्हणतात. तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा आजूबाजूपेक्षा शांत आणि गडद दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, दमून बुडतो.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. सापडलात तर झुंजू नका. तरंगत राहा, हात हलवून मदत मागा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरपे बाहेर या. काठावरच्या माणसाने रिकाम्या हाताने मागे उडी टाकू नये. तरंगणारं काहीतरी फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं.

यजमानांना हे वाचायला द्या आणि मेहुण्यांना आजच फोन करायला सांगा. तुम्ही मध्ये पडू नका, त्यांनी स्वतः करू दे.

प्रश्न : आभाळ भरलेलं असेल तर सनस्क्रीन लावायची गरज असते का? आमच्या दोघांत ह्यावरून रोज वाद.

उत्तर : असते. पातळ ढगांतून 90 टक्क्यांहून जास्त अतिनील किरण आरपार येतात. अर्धा मीटर पाण्याखालीसुद्धा पृष्ठभागावरच्या मानाने 40 टक्के पोचतात. एसपीएफ (सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्याचा बाटलीवरचा आकडा) 30 पुरेसं आहे, पण ते पोटभर लावलं तरच. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला सुमारे 30 मिलिलिटर लागतं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते. ती एकमेकांना लावून द्या.