नाचायला मुलगी बारीकच हवी का?

तुमची लेक लातूरला लावणी शिकतेय आणि नातेवाईक म्हणतात, ‘अंगानं भरलेली आहे, शोभेल का?’ त्यांना छत्रपती संभाजीनगरची सात नंबरची लेणी दाखवा. तिथल्या शिल्पात वाजवणाऱ्या बायकांच्या मधोमध नाचणारी ती स्त्री बघा: भरदार मांड्या, रुंद नितंब, एका पायावर तोललेलं अंग. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटातल्या जयश्री गडकरही काही काटकुळ्या नव्हत्या. नऊवारी आणि घुंगरांचे चाळ सांभाळत फड गाजवायचा तर पायांत ताकद लागते. झिरो फिगरचं खूळ फार अलीकडचं. ते वाढत्या वयाच्या पोरींवर लादणं मला अजिबात पटत नाही. दम लागतो का, गुडघे दुखतात का, तेवढं बघा. दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवा, पण तिची भाकरी कमी करू नका.