नदीकाठच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी पूर, भूजल आणि भूगर्भाचा धोका कसा तपासतात? ‘शंभर वर्षांचा पूर’ धरला की पुरे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एका अहवालात ‘जागा शंभर वर्षांतल्या पूरपातळीच्या वर आहे, खडक मजबूत आहे, भूजलाची अडचण नाही’ अशी तीन वाक्यं वाचली आणि एवढ्यावर विश्वास ठेवावा का, असं वाटलं. मी अणुप्रकल्पात काम केलेलं नाही. धरणं, पूल आणि जलविद्युत केंद्रांच्या पायांची भू-तपासणी हा माझा धंदा. पण पाणी आणि जमीन तीच, आणि अणुकेंद्रांच्या पूर-अपघातांचे अहवाल आमच्या क्षेत्रात बारकाईने वाचले जातात. त्यावरून लिहितो.

शंभर वर्षांच्या पुराचं आधी उरकतो. तो पुरेसा नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर. तो येऊन गेला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुटका होत नाही. केंद्राचं आयुष्य साठ वर्षं धरलं, तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या घरात जाते. गावच्या साकवाला हे चालून जातं. फ्रान्समध्ये मोठ्या नदीकाठच्या अणुकेंद्रासाठी हजार वर्षांच्या पुराचा प्रवाह घेतात, तोही अंदाजाच्या वरच्या टोकाचा, आणि त्यावर आणखी १५ टक्के चढवतात. शिवाय वरचं धरण फुटलं तर काय, हे वेगळं तपासतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला गेलं. तो दिवस पुण्यातल्या जुन्या माणसांना आठवतो, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आता अडचण अशी की आपल्याकडे नदीच्या मोजमापाच्या चांगल्या नोंदी बहुतेक ठिकाणी साठ-सत्तर वर्षांच्या आहेत. त्यावरून हजार किंवा दहा हजार वर्षांच्या पुराचा आकडा काढणं म्हणजे आलेखाची रेघ कागदाबाहेर ओढत नेणं. म्हणून दोन वेगळे रस्ते वापरतात. एक, त्या खोऱ्यावर जास्तीत जास्त किती पाऊस पडणं शक्य आहे ते हवामानशास्त्रातून काढायचं आणि त्यापासून पूर मोजायचा. दुसरा मला जास्त आवडतो: नदीलाच विचारायचं. महापुरात घळईच्या कडेच्या शांत कोपऱ्यांत, गुहांत, उपनद्यांच्या तोंडाशी बारीक वाळू-गाळाचे थर साचतात. त्यांचं वय आणि उंची मोजली की शेकडो-हजारो वर्षांपूर्वी पाणी निदान कुठवर चढलं होतं ते कळतं. पुणे विद्यापीठातले विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीवर हे काम केलंय. नदीकाठच्या केंद्राच्या अहवालात असला अभ्यास दिसला, तर तो करणाऱ्यांनी मनापासून काम केलंय असं मी समजतो.

पण मोठ्या नदीचा आकडा कितीही नेमका काढला, तरी पाणी त्याच बाजूने येईल असं काही नाही.

काक्रापारचं अणुकेंद्र घ्या. गुजरातेत तापीच्या काठी, उकाई धरणाच्या खाली. जळगाव-धुळे-नंदुरबारवरून गेलेलं पाणीच पुढे तिथे पोचतं. अशा ठिकाणी धोका म्हटला की सगळ्यांची नजर तापीकडे आणि उकाईकडे जाणार, आणि ते बरोबरही आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरत बुडालं. पण जून १९९४ मध्ये काक्रापारच्या केंद्रात जे पाणी घुसलं, ते शेजारच्या मोतीचेर तलावाचं होतं. मुसळधार पाऊस झाला, तलाव भरला, त्याची दारं वेळेवर उघडली नाहीत. पाणी मागे फुगलं आणि केबलच्या चरांतून, बंद न केलेल्या भोकांतून टर्बाइन इमारतीच्या तळघरात उतरलं. तिथले पंप पाण्याखाली गेले. युनिट १ आधीपासूनच बंद होतं आणि युनिट २ चं बांधकाम चालू होतं, म्हणून निभावलं. तलावाचा बांध फोडल्यावर पाणी ओसरलं. तापीच्या पूरपातळीचा तक्ता अचूक असता, तरी त्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता.

पाच वर्षांनी फ्रान्समध्ये जवळपास हेच झालं. बोर्दोच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या काठी ब्लाये केंद्र आहे, चार अणुभट्ट्यांचं. २७ डिसेंबर १९९९ च्या रात्री वादळ आलं. बांधाची उंची ठरवताना भरती आणि वादळाने चढणारं पाणी यांची बेरीज केली होती. त्या चढलेल्या पाण्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा हिशेबात नव्हत्या. बांध वाढवायला हवा हे १९९८ मध्येच लक्षात आलं होतं, काम पुढे ढकललं गेलं होतं. लाटा बांधावरून आल्या, आणि सुमारे एक लाख घनमीटर पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत, केबलच्या मार्गांतून शिरलं. १ आणि २ क्रमांकांच्या भट्ट्यांचे आणीबाणीसाठी राखलेले काही पंप बुडाले. रस्ता पाण्याखाली असल्याने पाळी बदलायला माणसं पोचू शकत नव्हती. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण त्यानंतर तिथल्या नियामकांनी पुराकडे बघण्याची पद्धतच बदलली. २०१३ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत पुराचे अकरा प्रकार वेगवेगळे तपासायला सांगितलेत: केंद्राच्या आवारातच पडणारा पाऊस, लहान ओढ्याचा पूर, मोठ्या नदीचा पूर, धरणफूट, आवारातली टाकी किंवा नळ फुटणं, वाऱ्याच्या लाटा, समुद्राची पातळी वगैरे. त्या अकरांत एक आहे भूजल वर येणं. म्हणजे भूजल हाही त्यांच्या लेखी पूरच, फक्त खालून येणारा.

इथून पुढचं मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तुमच्या अहवालातली तीन वाक्यं तीन वेगळ्या प्रकरणांत असणार, आणि खरा धोका त्या प्रकरणांच्या मधल्या जागेत असतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नेब्रास्का राज्य, ओमाहाच्या उत्तरेला मिसूरी नदीच्या काठी फोर्ट कॅलहून नावाचं एका अणुभट्टीचं केंद्र होतं. जमीन समुद्रसपाटीपासून १००४ फुटांवर, आणि १०१४ फुटांपर्यंतच्या पुराला तोंड देऊ अशी परवान्यात हमी. ती दहा फुटांची तफावत कशी भरणार? लोखंडी पूरदारं लावून, आणि त्यांच्या अरुंद कडेवर वाळूच्या गोण्या रचून. २०१० मध्ये नियामकांनी हे मान्य नाही असं स्पष्ट बजावलं आणि गंभीर शेरा दिला. कंपनीने आधी वाद घातला, मग सुधारणा केल्या. पुढच्याच वर्षी पूर आला.

२०११ मध्ये वरच्या डोंगरात बर्फ भरपूर साचलं होतं, त्यात मे महिन्यात माँटानामध्ये जोरदार पाऊस झाला. मिसूरीवर ओळीने सहा मोठी धरणं आहेत. सगळ्यांत खालच्या गॅव्हिन्स पॉइंट धरणातून सेकंदाला १,६०,००० घनफूट पाणी सोडावं लागलं. तोवरचा उच्चांक ७०,००० होता. नदी केंद्रापाशी १००७ फुटांच्या आसपास पोचली. केंद्र एप्रिलपासून इंधन बदलायला बंदच होतं. भोवती पाण्याने भरलेली रबरी नळीची भिंत घातली होती, ती २६ जूनला एका यंत्राचा धक्का लागून फाटली आणि पाणी इमारतींना भिडलं. काही काळ डिझेल जनरेटरवर काम चालवावं लागलं. बातम्यांत चित्र आलं ते एवढंच: पाण्यात उभं अणुकेंद्र.

आमच्या धंद्यातल्या माणसाला मात्र पुढचे महिने जास्त महत्त्वाचे. धरणांतून सोडलेला पूर आला तसा ओसरला नाही, तो उन्हाळाभर तसाच राहिला. नदीकाठची गाळमाती आठवड्यामागून आठवडे भिजत राहिली, भूजल जमिनीलगत आलं. मग नदी उतरली. नदी उतरते तेव्हा जमिनीतलं पाणी तेवढ्या वेगाने उतरत नाही. आतली पातळी वर आणि नदी खाली, मग ते पाणी नदीच्या दिशेने वाट काढतं. वाटेत बारीक वाळू असेल आणि तिला बाहेर पडायला भोक असेल, तर पाण्याबरोबर वाळूही जाते आणि मागे पोकळी उरते.

फोर्ट कॅलहूनला ते भोक सापडलं. टर्बाइन इमारतीच्या तळघराखालचा निचऱ्याचा एक जुना नळ फुटलेला होता. त्यातून भूजल संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, येत होतं, पंप ते उपसून टाकत होता. फरशीखालून माती गेल्याच्या खुणा होत्या. बाहेर आवारात फरसबंदी खचून खड्डे पडले होते, एका दुरुस्ती-शेडचा खांब बसला होता. मग जमिनीतून रडार फिरवणं, भूकंपलहरींची चाचणी, बोअर, झुकाव मोजणाऱ्या नळ्या असं सगळं करून एकेका इमारतीचा पाया पुन्हा तपासावा लागला. मुख्य इमारती पाइल्सवर, म्हणजे खडकापर्यंत ठोकलेल्या पोलादी खांबांवर होत्या, त्या टिकल्या. पण विचार करा, पाइलच्या भोवतीची माती निघून गेली तर भूकंपात त्या पाइलला बाजूने आधार कोण देणार? पूर, भूजल आणि भूकंप ही तिन्ही प्रकरणं एका फुटक्या नळापाशी येऊन मिळाली. केंद्र डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि २०१६ मध्ये कायमचं बंद झालं ते परवडेना म्हणून.

भूजलाची आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही: ते इमारत उचलतं. पाण्याच्या पातळीखाली दहा मीटर खोल तळघर असेल, तर त्याच्या तळाला दर चौरस मीटरला दहा टन जोर खालून वर लागतो. म्हणून कधी तळ जड करतात, कधी खाली खडकात बांधून टाकतात, कधी बाहेर विहिरी खणून सतत उपसा करतात. उपशावर सगळं अवलंबून असेल, तर वीज गेल्यावर काय होणार, हे विचारायलाच हवं. फुकुशिमा समुद्रकाठी आहे, पण तिथली पाण्याची डोकेदुखी बरीचशी मागच्या डोंगराकडून येते. सुमारे ३५ मीटर उंच कडा १० मीटरपर्यंत कापून केंद्र बसवलं होतं, त्यामुळे डोंगराचं भूजल इमारतींच्या वाटेत आलं. अपघाताने उपशाच्या विहिरी बंद पडल्या आणि दिवसाला सुमारे ४०० टन पाणी तळघरांत झिरपू लागलं.

‘खडक मजबूत आहे’ या वाक्याकडे मी थोडं संशयाने बघतो. आपला काळा पाषाण मजबूत असतो, पण तो लाव्ह्याच्या थरांवर थर असा बनलाय. दोन थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा असतो, कुठे भेगाळलेला खडक, कुठे पोकळ्यांचा. पाणी तिथूनच चालतं. चांगला कोअर, म्हणजे खडकाचा अखंड नमुना, निघालेल्या दोन बोअरच्या मधे काय आहे, ते बोअर सांगत नाहीत. त्यात तापी-पूर्णेच्या खोऱ्यात जळगावकडे तर शेकडो मीटर जाड गाळ आहे. तीच नदी, तळ वेगळा. गंगेकाठी नरोऱ्याच्या अणुकेंद्राला खडक हाताला लागतच नाही, सगळा गाळ, आणि भाग भूकंप क्षेत्र चारमधला. तिथे भूकंपात भिजलेली वाळू पातळ होऊन वाहील का, हा मुख्य प्रश्न. या गणितात भूजलाची पातळी थेट येते. पाणी आठ मीटर खोल असताना जी वाळू टिकते, ती दोन मीटरवर असताना टिकेलच असं नाही. पूर आणि भूकंप एकाच दिवशी कशाला येतील, असं म्हणतात. एकाच दिवशी यायची गरजच नाही. पुराने चढलेलं भूजल महिनोन् महिने वरच राहतं.

भूकंपाच्या नकाशावरही फार विसंबू नका. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं तोवर दख्खनचं पठार स्थिर समजत होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र एकमध्ये होता. २००२ मध्ये ते क्षेत्रच नकाशातून काढून टाकलं. म्हणून अणुकेंद्रासाठी नकाशावर न थांबता त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करतात, आणि पाच किलोमीटरच्या आत पुन्हा हलू शकणारा भ्रंश (खडकातली सरकलेली मोठी भेग) सापडला तर आपले नियामक जागा नाकारतात.

जनसुनावणीत काय विचारावं, असंही तुम्ही विचारलंय. ‘पूरपातळी किती’ यावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. त्याऐवजी विचारा की आवारातच विक्रमी पाऊस पडला आणि गटारं तुंबली तर पाणी कुठे जाईल. पाणी इमारतीभोवती तीन महिने राहिलं तर माणसं आणि डिझेल कसं पोचवणार. जमिनीखालच्या केबलच्या चरांची आणि नळांची तोंडं कोण, किती वर्षांनी तपासतो. भूजलाच्या नोंदी किती पावसाळ्यांच्या आहेत, की जानेवारी ते मे एवढ्याच. आसपासचे तलाव, पाझर तलाव, कालवे कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्यांची दारं रात्री दोन वाजता कोण उघडणार. माझ्या मते या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त गडबड उडते, कारण तलाव एका खात्याचा आणि केंद्र दुसऱ्याचं.

आणि वरच्या धरणाचा बुडीत नकाशा मागा, म्हणजे धरण फुटलं तर पाणी कुठवर आणि किती वेळात पोचेल तो. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने कायद्याखाली येणाऱ्या धरणांच्या मालकांना असा आणीबाणीचा आराखडा पाच वर्षांत तयार करायला सांगितलंय. पर्यावरण अहवालात तो जोडलेला नसेल, तर जलसंपदा खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, सुनावणीच्या निदान दोन महिने आधी.