न्यूकॅसलसाठी मेणाचं सुती जॅकेट: बीडेल की ब्यूफर्ट?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सप्टेंबरपासून शिकायला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जाताना बार्बर या ब्रिटिश कंपनीच्या मेण मुरवलेल्या जॅकेटांपैकी बीडेल घ्यावं की ब्यूफर्ट, साइज कसा ठरवावा, आणि परत आल्यावर तेच जॅकेट सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला चालेल का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं. ट्रेकला ते चालणार नाही.

न्यूकॅसलला वर्षभरात पडणारा पाऊस काही पुण्यापेक्षा जास्त नसतो. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बारा महिने थोडाथोडा पडतो आणि उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे आडवा लागतो. हे जॅकेट त्या हवेसाठीच घडलं आहे. बार्बरची सुरुवात 1894 साली टाइन नदीच्या मुखावरच्या साउथ शील्ड्समध्ये झाली. सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, मच्छीमार आणि गोदीतले कामगार. न्यूकॅसलहून मेट्रोने सरळ तिथे जाता येतं.

घट्ट विणीच्या सुती कापडात मेण मुरवलं की वारा अडतो आणि भुरभुर पाऊस थेंबाथेंबाने ओघळून जातो. मात्र मेणामुळे घामालाही बाहेर पडायला फारशी वाट राहत नाही. आठ अंशांत चालत कॉलेजला जाताना ते जाणवत नाही, पण जुलैत राजगड चढताना आतून भिजाल. शिवाय सॅकचे पट्टे खांद्यावरचं मेण घासून काढतात आणि मुसळधार पावसात पाणी आधी शिवणीतूनच झिरपतं. इंग्लंडमधल्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये दिवसभर डोंगर चढायचा असेल तरी मी साधं, हलकं रेनजॅकेटच सुचवीन.

आता मॉडेल. बीडेल 1980 चं, घोडेस्वारीसाठी बेतलेलं. म्हणून ते आखूड आहे, मागे दोन बाजूंना चिरा आहेत आणि बाह्यांच्या आत विणलेले कफ आहेत. ब्यूफर्ट 1983 चं, शिकारीला जाणाऱ्यांसाठी. ते लांब असून शिकार ठेवायला पाठीमागे मोठा खिसा आहे. तुमच्यासाठी माझं मत बीडेलच. मनगटाशी घट्ट बसणारे ते कफ वाऱ्यात फार मोलाचे ठरतात, आणि सायकल चालवताना किंवा बसमध्ये बसताना आखूड जॅकेट अडकत नाही. ब्लेझरवर घालायचं असेल तर मात्र ब्यूफर्ट, कारण बीडेलखालून ब्लेझर बाहेर डोकावतो. जॅकेटला जोडायची टोपी (हूड) दोन्हींना वेगळी घ्यावी लागते. ती घ्याच, त्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

साइज छातीच्या इंचांत असतो. बीडेल मुळातच ऐसपैस शिवलेलं असतं. जाड स्वेटर घालून बघा, चेन लावा आणि दोन्ही हात पुढे ताणा. पाठीत ओढ बसली नाही तर तोच तुमचा साइज. अंगाबरोबर बसणारं हवं असेल तर बार्बरचंच अ‍ॅशबी हे मॉडेल बघा, पण त्यात स्वेटरला जागा कमी राहते.

घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: या जॅकेटची निगा तुम्हालाच राखावी लागते. वॉशिंग मशीन, साबण, गरम पाणी, ड्राय क्लीनिंग, सगळं वर्ज्य. चिखल वाळला की झटकायचा आणि गार पाण्यात भिजवलेल्या स्पंजने पुसायचं. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, मेण चढवायचं. मेणाची डबी गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा आणि फडक्याने थोडंथोडं चोळा. कोपर, खांदे, शिवणी आणि घडीच्या पांढुरक्या रेषा यांवर जास्त वेळ द्या, कारण मेण तिथूनच आधी जातं. मग हेअर ड्रायरची ऊब फिरवली की ते कापडात जिरतं. कॉर्डरॉयची कॉलर, अस्तर आणि खिशांची आतली बाजू यांना मेण लागू देऊ नका. रात्रभर टांगून ठेवा, पण रेडिएटरजवळ नको. सुरुवातीचे काही दिवस फिकट सोफा आणि दुसऱ्याच्या गाडीची सीट सांभाळा, डाग पडतात. वास राहतोच. मला तो आवडतो, पण नाक नाजूक असेल तर दुकानात हुंगूनच ठरवा.

विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये नवं घेण्याचा आग्रह धरू नका. ही जॅकेटं दुरुस्त होतात, कंपनी स्वतः ठिगळं लावून आणि मेण चढवून देते, त्यामुळे वापरलेलं चांगलं जॅकेट वर्षानुवर्षं चालतं. आतल्या लेबलावरून वयाचा अंदाज येतो: ब्रिटिश राजघराण्याची तीन मानचिन्हं असतील तर ते 1987 नंतरचं, दोन असतील तर बहुधा 1982 ते 1987 मधलं. विकणाऱ्याकडून काखेचे, कफांचे आणि खिशांच्या कडांचे उजेडातले फोटो मागा. फाटकी कड किंवा तुटलेलं टिचबटण चालेल. पण सगळं कापड कोरडं, मऊ आणि एकसारखं फिकट दिसलं तर ते मशीनमध्ये धुतलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि बुरशीचा कुबट वास येत असेल तर तोही सहसा जात नाही. असं जॅकेट कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.