मडगावहून एका दिवसात खोतीगाव अभयारण्य, गालजीबाग किनारा आणि उसगाळीमळची कातळशिल्पं होतील का?

तिन्ही नकोत, खोतीगाव आणि गालजीबाग करा. उसगाळीमळसाठी वेगळा दिवस ठेवा. मी काणकोणचाच. पहिली दोन्ही ठिकाणं आमच्या तालुक्यात आहेत, उसगाळीमळ मात्र आत रिवणच्या बाजूला कुशावतीच्या काठी. खोतीगावला उजाडताच पोचा. ८६ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, पण उन्हं चढली की पक्षी गप्प होतात आणि मग नुसती झाडं बघत फिरावं लागतं (तीही सुंदर आहेत म्हणा). मचाणावर चढायचं असेल तर गेटवर आधी विचारा. संध्याकाळी गालजीबाग: सुरूची झाडं, शांत वाळू. ऑलिव्ह रिडले कासवं इथं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालायला येतात, तीही बहुतेक रात्री. त्यामुळे दिवसा कासव दिसेल असं मुलांना कबूल करू नका. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब राहा, टॉर्च मारू नका.

एक अडचण: हे सगळं पावसाळा सोडून. उसगाळीमळची चित्रं नदीकाठच्या जांभ्या कातळावर कोरलेली आहेत, पावसात ती पाण्याखाली जातात. तिथं सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरपा प्रकाश पडला की बैल आणि चक्रव्यूहासारखी आकृती नीट उठून दिसते.