घरपट्टीची थकबाकी वसूल कशी करायची?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीची वसुली दरवर्षी ६० टक्क्यांवर येऊन अडकते. एकूण मागणी ११ लाख, त्यात मागची थकबाकी ४ लाख २० हजार. मार्चमध्ये दवंडी, स्पीकरची गाडी, घरोघर फेऱ्या सगळं होतं. नेमकं कुठे चुकतंय? (ग्रामपंचायत अधिकारी, सातारा जिल्हा)

आधी ते ६० टक्के फोडून बघा. चालू मागणी, म्हणजे फक्त या वर्षीचा कर, ६ लाख ८० हजार आहे. तिच्यातले ६ लाख १२ हजार आले आणि मागच्यातले ४८ हजार आले, तरी बेरीज ६ लाख ६० हजार, म्हणजे ६० टक्केच भरते. पण याचा अर्थ असा की चालूची वसुली ९० टक्के झाली आणि जुन्याची जेमतेम ११. वर चालूतले राहिलेले ६८ हजार पुढच्या वर्षी थकबाकीत जातात, म्हणजे ती ४ लाख ४० हजार होते. टक्केवारी तीच राहते आणि थकबाकी मात्र वाढत जाते. म्हणून चालू आणि मागील असे दोन आकडे मासिक सभेपुढे वेगवेगळे ठेवा.

मग नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, घेऊन बसा आणि प्रत्येक थकलेल्या मालमत्तेपुढे दोन गोष्टी पेन्सिलने लिहा: बाकी किती वर्षांची आहे आणि का थकली. कारणं ठरलेलीच निघतात. भावाभावांत वाटणी झाली, २१२ नंबरच्या घराचं २१२/१ झालं, पण जुनी नोंद तशीच राहिली आणि एकाच घरावर दोनदा मागणी चढली. घर पडून नुसती जोती उरली, तरी आकारणी चालूच आहे. मालक वारला, वारसनोंद झाली नाही, बिल मयताच्या नावाने निघतं आणि ते घ्यायला कोणी पुढे येत नाही. कुटुंब पुण्या-मुंबईला गेलं, पत्ता कोणाकडेच नाही. काहींना खरंच एकरकमी झेपत नाही. आणि काहींना झेपतं, पण ते भरत नाहीत. जप्तीचा बडगा फक्त या शेवटच्यांसाठी आहे. दुबार नोंदवाल्याच्या दारात स्पीकर लावला तर तो चिडतो, आणि ते योग्यच आहे.

दुबार आणि पडक्या घरांच्या बाबतीत नोंदवहीत स्वतःहून खाडाखोड मुळीच करू नका. स्थळपाहणी करून पंचनामा करा, सभेचा ठराव घ्या, नियमाप्रमाणे वरिष्ठांची मंजुरी मिळवा आणि मगच नोंद कमी करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण न येणारी मागणी कागदावर ठेवून टक्केवारीसाठी धावण्यात काहीच हशील नाही.

ज्यांना झेपत नाही त्यांना हप्ते बांधून द्या, तेही लेखी. १८,६०० रुपये बाकी असेल तर ३,६०० लगेच आणि उरलेले १५,००० दरमहा २,५०० प्रमाणे सहा महिन्यांत. तारखा लिहा, सही घ्या. चालू वर्षाचं बिल मात्र या हप्त्यांत मिसळू नका, ते वेगळं भरून घ्या. नाहीतर जुने हप्ते संपेपर्यंत नवी बाकी उभी राहते. पैसे घेतल्याक्षणी नमुना १० ची पावती द्या आणि तिच्यावर कोणत्या वर्षाचे किती हे लिहा. रोकड त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बँकेत गेली पाहिजे. ‘पावती नंतर देतो’ म्हणून घेतलेले पैसे हीच अफरातफरीची सुरुवात असते, आणि तसं एकदा घडलं की गाव पुढची दहा वर्षं हात आखडता घेतं.

आणि बिलं एप्रिलमध्येच वाटा. बहुतेक ठिकाणी ती फेब्रुवारीत निघतात, तोवर शेतमालाचा पैसा खर्च झालेला असतो.

प्रश्न : थकबाकीदारांची यादी तहसील कार्यालयात पाठवली होती, ती त्रुटी काढून परत आली. दुसरं असं की, घरातल्या वस्तू आम्ही जप्त करू शकतो का? (लिपिक, यवतमाळ जिल्हा)

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२९ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत: बिल, मग मागणीची नोटीस, मुदत संपल्यावर जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालमत्तेची जप्ती, आणि तरीही वसूल झालं नाही तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुलीसाठी महसूल खात्याकडे मागणी. एखादी पायरी गाळली की पुढची डळमळते. यादी परत येण्याची कारणं बहुधा अशी असतात: वर्षनिहाय फोड न देता एकच बेरीज, मालमत्ता क्रमांक नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नोटीस बजावल्याचा पुरावा नाही. ‘नोटीस दिली’ असा शेरा पुरत नाही. कोणी घेतली, कोणत्या तारखेला, सही किंवा अंगठा, घ्यायला नकार दिला असेल तर दारावर डकवल्याचा पंचनामा आणि पंचांच्या सह्या, हे सगळं प्रत्येक प्रकरणाला जोडा.

जप्ती करता येते, पण हात कुठे लावायचा नाही हे आधी पाठ करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने (मंगळसूत्र त्यातलंच), कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारं, बैल यांना संरक्षण आहे. वस्तू नेताना यादी करा, एक प्रत घरच्यांना द्या. पुढे प्रकरण महसूल खात्याकडे गेलं की १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली कलम १७६ पासूनची तरतूद लागू होते. तिथे लिलावाची जाहीर सूचना लावल्यापासून जंगम मालमत्तेला किमान ७ दिवस आणि स्थावराला किमान ३० दिवस थांबावं लागतं.

एवढं करण्याआधी राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण ठेवून पाहा. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. मात्र ‘अर्धे भरा, मिटवून टाकू’ असं कोणाला परस्पर सांगू नका. मूळ कर सोडून देणं वसुली कर्मचाऱ्याच्या हातात नाही.

प्रश्न : मी मुंबईत राहतो, घर गावी आहे. जन्माच्या दाखल्यासाठी गेलो तर ‘आधी घरपट्टी भरा’ असं सांगितलं. हे योग्य आहे का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

नाही. जन्म-मृत्यू नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, १९६९ च्या अधिनियमानुसार होते. शिवाय २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ग्रामपंचायतीच्या अधिसूचित सेवांत जन्माचा दाखला आहे, तो ठरलेल्या मुदतीत मिळालाच पाहिजे. त्याच यादीत ‘येणे बाकी नसल्याचा दाखला’ही आहे, तेवढा मात्र बाकी भरल्याशिवाय मिळणार नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि घरपट्टीही भरा. गावाला येणाऱ्या पाण्याच्या मोटरचं वीजबिल त्यातूनच जातं. बिल तुमच्यापर्यंत पोचत नसेल तर मुंबईचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कार्यालयात लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : मी सदस्य आहे आणि माझी घरपट्टी थकली आहे. पद जातं का? (कोल्हापूर जिल्हा)

जाऊ शकतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे रीतसर बिल बजावून मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर अनर्हता येते. अशा प्रकरणांत सगळा वाद बिल खरंच बजावलं होतं का यावरच होतो. तुम्ही मात्र त्या वादाच्या आशेवर बसू नका. उद्याच भरा, आणि पावतीवर तारीख, वर्ष व मालमत्ता क्रमांक बरोबर पडलाय ना, हे खिडकीतून हलण्याआधी वाचून घ्या.