29 फेब्रुवारीची एफडी कधी पिकते?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. 29 फेब्रुवारी 2024 ला ठेवलेल्या एक वर्षाच्या एफडीची मुदत काउंटरच्या स्क्रीनवर 1 मार्च 2025 दिसते आणि डेटाबेसच्या रिपोर्टमधे 28 फेब्रुवारी. बरोबर कुठली धरायची?

उत्तर : घोळ असा आहे की कोड दोन्हीकडे ठीकच चाललाय. 29 फेब्रुवारी 2025 ही तारीखच नाही म्हटल्यावर जो तो आपल्या मनाने मार्ग काढतो. जावास्क्रिप्टच्या डेटमधे नुसतं वर्ष बदललंत की ते पुढे सरकून 1 मार्च करतं, पोस्टग्रेस डेटाबेसमधे एक वर्षाचा इंटरव्हल (कालावधी) मिळवला की ते मागे येऊन 28 ला थांबतं, जावाचं लोकलडेटही 28च देतं, आणि पायथनमधे रिप्लेस वापरून नुसतं वर्ष बदललंत तर सरळ एरर. (मला तरी पायथनचंच वागणं आवडतं, गपचूप काहीतरी ठरवून तर टाकत नाही.)

म्हणून आधी संस्थेच्या ठेव नियमांत काय लिहिलंय ते बघा, लिहिलेलं नसेल तर मॅनेजरसाहेबांकडून लेखी घ्या, हे प्रोग्रामरने ठरवायचं काम नाही. मग तो नियम सर्व्हरवर एकाच फंक्शनमधे टाका, स्क्रीनने फक्त तारीख दाखवायची. सरसकट 365 दिवस मिळवायचा शॉर्टकट तर नकोच, 28 फेब्रुवारी 2024 ची एफडी 27 फेब्रुवारी 2025 लाच पिकेल.

ऑटो रिन्यूअल असेल तर अजून एक गोची आहे. दरवर्षी मागच्या मुदतीत एक वर्ष मिळवत गेलात तर 28, 28, 28 करत 2028 मधेही 28च येते, पण मूळ तारखेत एकदम चार वर्षं मिळवली तर 29 येते. तेव्हा मूळ तारीख जपून ठेवा आणि हिशोब कायम तिच्यापासूनच करा.

आणि हो, असं फक्त छोट्या संस्थांतच होतं असं नाही. 29 फेब्रुवारी 2012 ला मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा बंद पडली ती ह्यानेच, सर्टिफिकेटची मुदत काढताना वर्षात नुसता एक मिळवला होता आणि तयार झाली 29 फेब्रुवारी 2013.

टेस्टिंगला 29 फेब्रुवारी 2028 घ्याच, पण त्याच वर्षीचा 31 डिसेंबरही घ्या, तो 366 वा दिवस असतो. मायक्रोसॉफ्टचेच झून म्युझिक प्लेअर 31 डिसेंबर 2008 ला त्या 366 व्या दिवसामुळे न संपणाऱ्या लूपमधे अडकून बसले होते.