फोंड्याचं जोडपं: बायको नर्स, नवरा हॉटेलात. दोघांना एकत्र परदेशी नोकरीसाठी जाता येईल का?

येईल, पण अर्ज तिच्या नावाने सुरू करा. मागणी नर्सना आहे, आणि तिचा व्हिसा झाला की त्याला जोडीदार म्हणून जाता येतं.

माझा कौल जर्मनीला. तिथे जोडीदारालाही कुठलीही नोकरी करता येते. नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-2 पातळीची जर्मन लागते, म्हणून भाषेचा वर्ग आजच लावा, दोघांनीही.

ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नर्सला नवऱ्याला नेता येतं. केअर वर्करच्या (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाच्या) नोकरीचा सल्ला मात्र देऊ नका कुणाला: मार्च 2024 पासून त्यांना कुटुंब नेता येत नाही आणि जुलै 2025 पासून परदेशातून नवी भरतीच बंद आहे. तरी त्याच नावाखाली पैसे मागणारे एजंट फिरतात. एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरभरतीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर, नोंदणीकृत आहे का, ते आधी पाहा.

आजी-आजोबा 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेले असतील तर पोर्तुगीज पासपोर्टचा विषय घरात निघणारच. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि ब्रेक्झिटनंतर त्यावर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन नोकरी करता येत नाही. घाईने सही करू नका.